धावपट्टी अपुरी का पडते?

लहान विमान उतरताना धावपट्टी ओलांडून पुढे गेले, कुंपण तोडून शेतात शिरले, अशी बातमी अधूनमधून आपल्या वाचनात येते. सोबतच्या छायाचित्रात नाक जमिनीत रुतलेले विमान आणि भोवती जमलेली माणसे दिसतात. कारण म्हणून बहुधा दोनपैकी एक वाक्य असते : ‘ब्रेक निकामी झाले’ किंवा ‘वैमानिकाचे नियंत्रण सुटले’. दुसऱ्या दिवशी ती बातमी मागे पडते. वर्षा-दोन वर्षांनी चौकशीचा अहवाल येतो, तो मात्र फारसे कोणी वाचत नाही.

मला हे अहवाल वाचण्याचा नाद आहे. मी वैमानिक नाही आणि अभियंताही नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, पोटापाण्याचा उद्योग छपाईचा. पण गेली वीसेक वर्षे भारतातले आणि परदेशातले विमान अपघातांचे अहवाल मिळवून वाचतो आहे. न समजलेले गणित आणि पदार्थविज्ञान जुन्या पाठ्यपुस्तकांतून शिकून घेतो. या वाचनातून एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. धावपट्टी ओलांडण्याचा अपघात धावपट्टीच्या शेवटी दिसतो खरा, पण तो घडलेला असतो हवेत, चाके टेकण्याच्या आधी. ब्रेक बहुतेक वेळा ठणठणीत असतात. त्यांच्या वाट्याला आलेले काम त्यांना झेपणारे नसते, एवढेच.

हे नीट समजून घ्यायचे तर थोडी आकडेमोड करावी लागेल. वाचकांनी दचकू नये. बेरीज आणि गुणाकार यांपलीकडे काहीही नाही.

पुस्तकातले अंतर

जगभर विमान चालवायला शिकवण्यासाठी ‘सेसना १७२’ हे चार आसनी, एका इंजिनाचे विमान फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्याच्या ‘१७२ एस’ या प्रकाराबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत उतरण्यासाठी लागणारे अंतर दिलेले आहे. धावपट्टीच्या आरंभी विमान ५० फूट उंचीवर असेल, तर तिथपासून पूर्ण थांबेपर्यंत १,३३५ फूट, म्हणजे सुमारे ४०७ मीटर लागतात. त्यातले प्रत्यक्ष चाकांवर धावण्याचे अंतर ५७५ फूट, म्हणजे सुमारे १७५ मीटर.

मुंबईच्या जुहू विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे १,१४० मीटर आहे. म्हणजे लागणाऱ्या अंतराच्या जवळजवळ पावणेतीन पट. मग एवढी मोठी जागा अपुरी कशी पडेल, असा प्रश्न कोणालाही पडावा. मलाही तो पडला होता.

उत्तर त्या आकड्यांखालच्या बारीक टिपांत आहे. ४०७ मीटर हे अंतर केव्हा? तर धावपट्टी पक्की, सपाट आणि कोरडी असेल, वारा नसेल, फ्लॅप पूर्ण उघडलेले असतील, ५० फुटांवर असताना वेग नेमका ६१ नॉट असेल आणि टेकल्यावर ब्रेक पूर्ण ताकदीने लावले असतील तेव्हा. (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. ६१ नॉट म्हणजे ताशी ११३ किलोमीटर.) यातली एकेक अट सुटत गेली की अंतर कसे वाढते ते पाहू.

पहिली अट : वारा

विमान नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरवतात. पंखांना हवेतला वेग लागतो, चाकांना आणि ब्रेकना जमिनीवरचा वेग भोगावा लागतो. समोरून १० नॉटचा वारा असेल तर हवेतला वेग ६१ असताना जमिनीवरचा वेग ५१ असतो. तोच वारा मागून आला तर जमिनीवरचा वेग ७१ होतो. वेगदर्शकाचा काटा मात्र दोन्ही वेळा ६१ च दाखवतो.

५१ आणि ७१ यांत फरक वीसचाच वाटतो. पण चालत्या वस्तूतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ७१ चा वर्ग ५,०४१ आणि ५१ चा २,६०१. म्हणजे त्याच विमानाला, त्याच काट्यावर, वारा पाठीशी घेतल्यास जवळजवळ दुप्पट ऊर्जा ब्रेकमधून जिरवावी लागते. म्हणूनच पुस्तिकेत सांगितले आहे की मागून येणाऱ्या वाऱ्यासाठी, १० नॉटपर्यंत, दर २ नॉटला अंतर १० टक्क्यांनी वाढवावे. १० नॉटला ५० टक्के. आपले ४०७ मीटर इथेच ६१० झाले.

मग कोणी वारा पाठीशी घेऊन उतरतोच कशाला? कधी वारा अचानक फिरतो. कधी येण्याच्या दिशेने सरळ उतरणे सोयीचे असते, वळसा घालून दुसऱ्या टोकाला जाण्याचा कंटाळा येतो. नियंत्रण मनोरा नसलेल्या छोट्या धावपट्टीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, म्हणजे विंडसॉक, हीच काय ती सूचना असते. ती वेळेवर पाहिली नाही तर सांगणारे कोणी नसते.

दुसरी अट : उंची आणि वेग

मागचा वारा एकटा येत नाही. तो विमानाला पुढे ढकलत असल्यामुळे ते अपेक्षेपेक्षा लवकर धावपट्टीजवळ पोहोचते आणि साहजिकच जास्त उंचीवर असते. उतरणीचा कोन ३ अंशांचा मानला तर ५० फूट जादा उंची म्हणजे धावपट्टीवर सुमारे २९० मीटर पुढे टेकणे. ६१० मध्ये २९० मिळवा : ९००.

उंची जास्त आहे हे लक्षात आले की वैमानिक नाक खाली करतो. नाक खाली केले की वेग वाढतो, उतारावर सायकल सोडावी तसा. समजा तो १० नॉटने वाढला. आता जमिनीजवळ एक वेगळाच प्रकार होतो. पंखांच्या रुंदीइतक्या किंवा त्याहून कमी उंचीवर आल्यावर जमिनीच्या सान्निध्यामुळे पंखांमागचे हवेचे भोवरे दबतात आणि हवेचा विरोध घटतो. जादा वेग असलेले विमान मग टेकतच नाही. धावपट्टीवर हात-दोन हात वर तरंगत राहते. हवेतला वेग ७१ आणि मागचा वारा १०, म्हणजे जमिनीवर ८१ नॉट. सेकंदाला जवळजवळ ४२ मीटर. पाच सेकंद तरंगणे म्हणजे २०८ मीटर गेले.

९०० आणि २०८ मिळून झाले १,१०८ मीटर. जुहूची धावपट्टी इथेच जवळपास संपली. हा हिशेब ढोबळ आहे. जादा वेगामुळे वाढलेले चाकांवरचे अंतर तर यात धरलेलेच नाही. तरीही पाहा, कुठेही काही मोडलेले नाही. इंजिन चांगले आहे, ब्रेक चांगले आहेत. दोन-तीन छोट्या गोष्टी एकामागून एक, एकीमुळे दुसरी अशा आल्या आहेत.

तरंगणाऱ्या विमानाला जबरदस्तीने खाली दाबणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास पुढचे चाक आधी टेकते, विमान चेंडूसारखे उसळते आणि अनेकदा पुढच्या चाकाचा दांडाच मोडतो.

तिसरी अट : जमीन आणि हवा

टेकल्यावर ब्रेक आहेतच, असे वाटते. पण ब्रेकची ताकद शेवटी टायर आणि जमीन यांच्यातल्या घर्षणावर अवलंबून आणि घर्षण चाकांवर पडणाऱ्या भारावर. टेकल्याच्या क्षणी पंख अजून विमानाचे बरेचसे वजन उचलून धरत असतात. अशा वेळी ब्रेक दाबले तर चाके जाम होऊन घसरतात. चाके जाम होऊ न देणारी स्वयंचलित यंत्रणा मोठ्या विमानांत असते, अशा लहान विमानांत ती सहसा नसते.

पाऊस असेल तर आणखी एक धोका. पाण्याचा थर टायरखालून बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की टायर पाण्यावरच तरंगतो. हा वेग काढण्याचे एक प्रसिद्ध सूत्र आहे : टायरमधल्या हवेच्या दाबाचे (पौंड प्रति चौरस इंच) वर्गमूळ काढून त्याला ९ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येते. सेसनाच्या मुख्य टायरचा दाब ४२. वर्गमूळ सुमारे साडेसहा, उत्तर ५८ नॉट. मोठ्या जेट विमानाच्या टायरचा दाब २०० धरला तर उत्तर १२७. म्हणजे लहान विमान त्याच्या नेहमीच्या टेकण्याच्या वेगाहून थोड्याशाच जास्त वेगाला पाण्यावर घसरू शकते. गवताच्या धावपट्टीसाठी ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने वैमानिकांना दिलेला सल्ला तर असा की अगदी आखूड, ओल्या गवतावर अंतर ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकते.

उष्णता आणि उंचीही हिशेबात घ्यावी लागते. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,९४० फूट उंचीवर आहे. मे महिन्यातल्या दुपारी ४० अंश तापमान असेल तर तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ते सुमारे ५,४०० फुटांवर असल्यासारखे असते. काट्यावर तोच वेग दिसत असला तरी प्रत्यक्ष वेग ८ टक्क्यांहून अधिक वाढलेला असतो आणि ऊर्जा सुमारे १७ टक्क्यांनी.

शेवटचे दहा टक्के

या साऱ्या वाचनात मला सर्वांत धक्कादायक वाटलेला हिशेब वेगळाच आहे. समजा, थांबण्यासाठी जेवढे अंतर हवे त्याच्या फक्त १० टक्के धावपट्टी कमी पडली. सामान्य समज असा की विमान तोवर जवळजवळ थांबलेलेच असेल. पण एकसारखे ब्रेक लावल्यास ऊर्जा अंतराच्या प्रमाणात कमी होते, वेग नव्हे. १० टक्के अंतर उरले असताना १० टक्के ऊर्जा उरते आणि वेग तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३२ टक्के. ६० नॉटने टेकलेले विमान धावपट्टीच्या टोकावरून १९ नॉटने, ताशी ३५ किलोमीटर वेगाने बाहेर पडते. अंतर २५ टक्के कमी पडले तर निम्म्या वेगाने, ताशी ५५ किलोमीटरने. एसटीच्या चालकाला विचारा, या वेगाने चर आडवा आला तर काय होते.

म्हणून धावपट्टीच्या पलीकडे काय आहे याला फार महत्त्व. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार मोठ्या धावपट्टीच्या टोकानंतर ६० मीटरचा पट्टा, त्यापुढे किमान ९० मीटरचे सुरक्षा क्षेत्र सक्तीचे आहे. ते २४० मीटर असावे अशी शिफारस आहे. जिथे जागा नाही तिथे काही विमानतळांवर चाकांखाली चुरा होणाऱ्या हलक्या काँक्रीटचा पट्टा घालतात. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचे उमेदवार माइक पेन्स यांचे विमान अशाच पट्ट्यात रुतून सुखरूप थांबले.

जुहूने याच गणिताची दोन टोके पाहिली आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ‘पस मॉथ’ हे चिमुकले विमान तिथे उतरले. तेव्हाचे जुहू म्हणजे चिखलाचे मैदान. पावसाळ्यात ते निरुपयोगी होई आणि टाटांची सेवा त्या काळात पुण्याहून चाले. ओल्या जमिनीशी झगडण्यापेक्षा दुसरीकडे जाणे त्यांनी पत्करले होते. पुढे सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला. पण दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ आणि वरून सारख्या दिसणाऱ्या. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचे ‘कॉमेट’ जेट चुकून जुहूला उतरले. ते थांबू शकले आणि काही दिवसांनी हलके करून तिथूनच उडवले गेले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे ‘डीसी-८’ तीच गफलत करून जुहूला उतरले, धावपट्टी ओलांडून गेले आणि कायमचे निकामी झाले. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्या विमानाचे ब्रेक जगातले सर्वोत्तम असते तरी काय फरक पडला असता? निर्णय सारा हवेत झाला होता.

दुसरी फेरी

मग उपाय काय? उपाय जुना, बिनखर्चाचा आणि प्रत्येक वैमानिकाला पहिल्या काही धड्यांतच शिकवलेला आहे. इंजिनाला पूर्ण शक्ती द्यायची, वर जायचे, वळसा घालून पुन्हा यायचे. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. तरीही तो केला जात नाही. ‘फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन’ या संस्थेच्या अभ्यासानुसार, वेग किंवा उंची न जमलेल्या अवस्थेत धावपट्टीकडे येणाऱ्या प्रवासी विमानांपैकी सुमारे ३ टक्केच गो-अराउंड करतात. बाकीची तशीच उतरतात. बहुतेक वेळा निभावून जाते. निभावून जाते, म्हणून तीच सवय होते.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला काय झाले ते आठवा. वायुदलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली त्या अपघाताची चौकशी झाली. २,४५० मीटरच्या धावपट्टीवर विमान आरंभापासून सुमारे १,५८५ मीटरवर टेकले. सहवैमानिकाने तीन वेळा गो-अराउंड सुचवला होता. उतरल्यावर, ब्रेक लावून झाल्यावर, मुख्य वैमानिकाने पुन्हा उडण्याचा प्रयत्न केला. १६६ पैकी ८ जण वाचले.

७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी रात्री कोळिकोडला २,७०० मीटरच्या धावपट्टीवर विमान मध्यावर, १,३५० मीटरच्या पुढे टेकले. वारा मागून होता. इथेही सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटले होते. २१ जण गेले, त्यांत दोघेही वैमानिक. मुख्य वैमानिक नागपूरचे, वायुदलात नाव कमावलेले. मराठी वाचकांना ते नाव आठवत असेल. मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण मुद्दा एका माणसाचा नाही. त्याच वैमानिकाने त्याच रात्री पहिला प्रयत्न सोडून देऊन विमान वर नेले होते. अहवालात याचीही चर्चा आहे की दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी त्यांना तिथे पोहोचणे हवे होते. एकदा परत फिरणे जमते. दुसऱ्यांदा ते अधिक जड जाते.

ही दोन्ही मोठी विमाने. पण दोन्हीकडे शेजारी बसून ‘वर चला’ म्हणणारा माणूस होता. लहान विमानात बहुधा तोही नसतो. वैमानिक एकटा, मागे घाईत असलेला प्रवासी किंवा मैदानावर पाहत उभे असलेले सोबती. माझ्या ओळखीतला एक तरुण विमान चालवायला शिकत होता. एकट्याने उडताना त्याने सलग दोनदा गो-अराउंड केले. खाली आल्यावर बरोबरीच्या मुलांनी आठवडाभर त्याला ‘घिरट्या’ म्हणून हाक मारली. तो हसत सांगत होता. मला हसू आले नाही. पुढच्या वेळी तरंगणाऱ्या विमानात त्याच्या कानात ती हाक वाजणार नाही याची खात्री कोण देईल?

म्हणून जाणकार सांगतात की हा निर्णय ऐनवेळी घेऊच नये, आधीच घेऊन ठेवावा. धावपट्टीवरची एक खूण ठरवावी, साधारण पहिल्या तृतीयांशावरची. तिथवर चाके टेकली नाहीत तर वर जायचे, विचार करायचा नाही. निघण्यापूर्वी कागदावर अंतर काढावे आणि त्याला १.४३ ने गुणावे. ब्रिटिश प्राधिकरणाने शिफारस केलेला हा सुरक्षा गुणक आपल्या ४०७ मीटरचे ५८२ करतो. शिवाय आणखी एक गोष्ट पक्की ठेवावी : टेकून ब्रेक लावल्यावर, धावपट्टी संपत आली असताना, पुन्हा उडायचे नाही. १९ नॉटने कुंपणाला धडकल्यास विमान मोडते. ६० नॉटने झाडांवर गेल्यास माणसे जातात.

आज गोंदिया, धुळे, नागपूर अशा ठिकाणी आपली मुलेमुली विमान चालवायला शिकताहेत. पुढाऱ्यांना आणि उद्योजकांना घेऊन लहान विमाने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या धावपट्ट्यांवर उतरतात. त्यांत बसणाऱ्यांना आणि मोठ्या विमानातून जाणाऱ्या आपल्यालाही एक काम करता येण्याजोगे आहे. विमान अगदी जमिनीजवळ येऊन अचानक घरघरत पुन्हा वर गेले, तर पोटात गोळा येतो, पंधरा-वीस मिनिटे उशीर होतो, शेजारचा कुरकुरतो. त्या वेळी आपण कुरकुरू नये. उतरल्यावर दारात वैमानिक दिसलाच, तर त्याला आभाराचे दोन शब्द सांगावेत. त्याच्याही कानात पुढच्या वेळी ते वाजतील.